तुमची टाकी, माझी जाळी

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लोक तुमच्याबद्दल खोटं बोलायला लागले. चांगलं खोटं, पण खोटंच. सुभाषभाऊंनी कधी कोणाला उलटं उत्तर दिलं नाही. सुभाषभाऊंना राग म्हणून माहीत नव्हता. मी भिंतीला टेकून सतरंजीवर बसले होते आणि ऐकत होते, कारण नवरा गेलेल्या बाईने त्या दिवसांत तेवढंच करायचं असतं. सगळ्यात मोठं खोटं मात्र टाकीबद्दल होतं. सुरतेतल्या कोसाडहून, कतारगामहून, गावाकडून, जो कोणी दारावर आला तो जरा वेळ माझ्यासमोर मान खाली घालून बसायचा, मग हळूच समुद्राच्या माशांच्या त्या टाकीकडे वळायचा आणि म्हणायचा, "काय निगा राखली हो भाऊंनी!"

भाऊंनी निवड केली होती. निगा मी राखली. हे तुम्ही चारचौघांत एकदाही बोलला नाहीत. आता तुमच्याकडून ते होणार नाही, म्हणून मी लिहिते आहे.

टाकी आपल्या घरात आली तीच दुसऱ्याची नकोशी होऊन. तुमच्या मिलमध्ये कापड रंगवून घेणारा व्यापारी नव्या बंगल्यात राहायला गेला, त्याच्या बायकोला जुनी टाकी नव्या फर्निचरशी जुळेना, आणि तुम्ही ती पर्वत पाटियाच्या आपल्या दोन खोल्यांत आणून ठेवली. तुम्ही रंगाचे मास्टर. पाण्यात काय विरघळलंय हे तुम्हाला बघून कळतं, असं तुम्ही म्हणायचात. मला एवढंच कळत होतं की सोफा बाहेर गेला आणि जिथे पाहुणे बसायचे तिथे आता मासे राहणार.

वर्षभरात दगडांवर दाढी उगवली. हिरवी, मग काळपट, बोटाला चिकटणारी. तुम्ही ब्रशने घासायचात, आठवड्यात परत यायची. मग एक दिवस मिलमधून आलात आणि चपला काढायच्या आधी म्हणालात, "मंगल, शेवाळ घालवायला शेवाळच लागतं."

"म्हणजे घरात झुरळं झाली की आणखी झुरळं आणायची?"

"ऐक तर."

ऐकलं. मासे खातात, घाण करतात, उरलेलं अन्न कुजतं, ते सगळं पाण्यात विरघळतं. शेवाळ तेच खातं. तुम्ही त्याला एका कोपऱ्यात हक्काची जागा दिली, दिवा दिला, पाणी वाहतं ठेवलं, तर ते तिथेच पोट भरून घेतं आणि दगडांवरच्या शेवाळाला उपाशी मारतं. मग कोपऱ्यातलं शेवाळ दर आठवड्याला काढून फेकायचं. त्याच्याबरोबर घाणही गेली. मला पटलं. तुम्हाला वाटलं असेल मी विज्ञान ऐकून गप्प बसले. मला फक्त 'दर आठवड्याला काढून फेकायचं' हे कोण करणार ते दिसलं होतं.

निवडायला तीन गोष्टी होत्या. एक, दोऱ्याच्या गुंत्यासारखं दिसणारं समुद्री शेवाळ खालच्या टाकीत सोडायचं आणि वर दिवा लावायचा. वाढलं की मूठभर तोडून टाकायचं. दुसरं, तयार नळकांडं, आत दिवे, पाणी एका बाजूने आत, दुसरीने बाहेर. तिसरं, उभी जाळी, तिच्यावर वरच्या चिरलेल्या पाइपमधून पाणी पडत राहणार, दोन्ही बाजूंना लाल दिवे, आणि शेवाळ जाळीवर धरणार. मी म्हटलं, गुंता आणा. त्यात बिघडण्यासारखं काही नाही. तुम्ही तिसरं निवडलंत. का, तर जाळीवरून पडणारं पाणी कापडासारखं दिसतं. पन्नाशीचा माणूस, रक्तदाबाच्या गोळ्या खाणारा, आणि निवडीचं कारण हे.

पहिली जाळी तुम्ही मिलमधून आणलीत. लेहंग्याला लावतात ती नायलॉनची नेट. सगळ्या सुरतेत हे फक्त आपल्याच लोकांना सुचलं असतं. कापडात आयुष्य गेलेल्या माणसाला जाळी म्हटलं की नेटच दिसते. ती इतकी गुळगुळीत की शेवाळाला धरायला जागाच नव्हती. बोटभर जाड झालं आणि एका सकाळी अख्खंच सुटून घसरलं, पंपात अडकलं, आणि समुद्राचं पाणी आपल्या फरशीवरून जिन्याने खाली निघालं. खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन वर आल्या तेव्हा तुम्ही बाथरूममध्ये लपलात. लपलातच. पोछा मी मारला.

मग मी माझ्या ट्रंकेतून तोरणं भरायची प्लास्टिकची जाळी काढली. लोकर भरून गणपती, मोर करतात ती, कडक, चौकोनी भोकांची. करवतीच्या पात्याने दोन्ही बाजूंनी ओरबाडत बसले, अगदी हात लावला तर कातडी निघेल इतकी. तुम्ही विचारलंत, "हे काय चाललंय?" म्हटलं, त्याला पकडायला काहीतरी द्या की. आधी तपकिरी लेप आला, मग त्यावर हिरवी लव आली, मग दाट हिरवळ. दगडांवरची दाढी पिवळी पडून गळाली. त्या दिवाळीला तुमचे मिलमधले लोक आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "आम्हा कापडवाल्यांना जाळी कळते." मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. साखर कमी आहे म्हणालात.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. जाळी केवढी असावी? तुम्ही म्हणायचात, टाकीत पाणी किती आहे त्यावरून. मी म्हणायचे, तुम्ही खायला किती घालता त्यावरून. माणूस घर मोठं असल्यामुळे सुटत नाही, ताटामुळे सुटतो. तुम्ही टाकीसमोर उभे राहिलात की चिमटीने घालायचं ते मुठीने घालायचात, विशेषतः त्या पिवळ्याला. चपटा, ताटलीसारखा, तुम्ही बाहेरून आलात की काचेला नाक लावणारा. "भूक लागली त्याला," तुम्ही म्हणायचात. "त्याला नाही, तुम्हाला लागली आहे," मी म्हणायचे. मग तुम्ही डॉक्टरांनी बंद केलेले वेफर्स खायचात आणि त्याला त्याचा खुराक घालायचात, दोघंही खूश. दुसऱ्या दिवशी जाळी काळपट पडायची आणि खरवडायला मी.

रविवारी सकाळी, तुम्ही अंघोळीला गेलात की, मी दिवे बंद करायचे, पंप बंद करायचे आणि जाळी मोरीत न्यायचे. जुन्या बँकेच्या कार्डाने खरवडायचं. अगदी नागडी करायची नाही, खाली पातळ थर ठेवायचा, नाहीतर परत धरायला दिवस जातात. मग नळाच्या गोड्या पाण्याखाली धुवायची, म्हणजे शेवाळ खाणारे बारीक किडे मरतात आणि शेवाळ टिकतं. पाइपच्या चिरेत टूथब्रश फिरवायचा. दिव्यांवरचं मीठ पुसायचं. हे एखाद्या रविवारी चुकलं तर आतलं शेवाळ, ज्याला उजेड मिळत नाही, ते मरतं आणि वरचं घेऊन सुटतं. जे जाळीने महिनाभर खाल्लं ते ती एका दिवसात टाकीत ओकते. हे तुम्हाला पुस्तकी माहीत होतं. मला हाताला माहीत होतं.

एक तुमच्या नावावर लिहिते, कारण खरं आहे. बादली तुम्ही मला कधी उचलू दिली नाहीत. एकही नाही. मीठ कालवलेलं पाणी, शुद्ध केलेलं पाणी, काढलेलं पाणी, सगळं तुम्ही उचललंत, कंबर धरून, तोंड वाकडं करून, पण तुम्हीच. मी एकदा हात लावला तर ओरडलात की शेजारी दचकले. सुभाषभाऊंना राग नव्हता म्हणणाऱ्यांनी ते ऐकायला हवं होतं.

आता ते दिवस सांगते, कारण तुम्ही नव्हता.

आई गावाहून आल्या. लेक आधी गेला आणि आई मागे राहिली, यावर मी काही लिहीत नाही. त्यांनी रोज शिजलेल्या भातातून तुमचा घास काढून ठेवायला सुरुवात केली. कावळ्यासाठी. पण आपल्या गॅलरीला कबुतरांसाठी जाळी लावलेली, कावळा येणार कुठून? पहिल्या दिवशी घास तिथेच सुकला. आईंनी तो उचलला, घरभर बघितलं, आणि जाऊन टाकीत सोडला. पिवळा काचेला नाक लावायला आला, जसा तुम्हाला यायचा. आईंनी हंबरडा फोडला. खोलीतल्या सगळ्या बायका उठून बघायला गेल्या. संपलं. त्यानंतर दारावर आलेला प्रत्येकजण टाकीपाशी जाऊन काहीतरी सोडू लागला. भात, बिस्किटाचा तुकडा, कोणी तर तुमच्या आवडीची शेव. "त्यांचा जीव ह्यातच होता." "लेकरं नव्हती ना, म्हणून मग." हे माझ्यासमोर, मी जणू भिंतीचाच भाग.

म्हटलं, "आई, भात नका घालू. समुद्रातला मासा भात खात नाही."

"मन्हा पोऱ्याना घास शे तो."

"पाणी खराब होतंय."

"तू काय त्यास्ना पोटमा जाईसन देखी उनी का?"

मी माशांच्या पोटात शिरून बघून आले का, म्हणे. बायका गालात हसल्या. सुतकातसुद्धा हसायला मिळालं की लोक सोडत नाहीत.

रविवार आला. मी उठायला लागले तर आईंनी पदर धरला. सुतकात दाढी करत नाहीत, नखं काढत नाहीत, घरात काही खरवडायचं नाही. आणि ती हिरवळ त्यांच्या लेकाच्या हातची होती म्हणे. लेकाच्या हातची! मी बसले. तुम्हाला सांगते, तुम्हाला घेऊन गेले तेव्हा मी जेवढी हलले नव्हते तेवढी त्या बसण्याने हलले. समोर सगळं दिसत होतं. भात तळाला फुगला, त्याच्याभोवती पांढरा कापूस आला. पाणी तांदूळ धुतल्यासारखं झालं. जाळी चहाच्या चोथ्याच्या रंगाची झाली, तिच्या कडा सुटून लोंबायला लागल्या. निळा, सगळ्यात लहान, तो एका कोपऱ्यात उभा राहून धापा टाकत होता. लोक म्हणत होते, बघा, मासेसुद्धा सुतक पाळतात.

आपलं अर्धं राहिलेलं भांडण तिथे मिटलं. जाळी तेवढीच, टाकी तेवढीच, फक्त खाणं वाढलं. मी जिंकले. तुमच्या मरणाशिवाय मला हे सिद्ध करता येत नव्हतं, आणि ऐकायला तुम्ही नव्हता. असलं जिंकणं देव कोणाला न देवो असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणत नाही. मी बरोबर होते.

निळा उलटा झाला तेव्हा मी उठले. खोलीत माणसं होती, अमळनेरचे तुमचे मामा होते. पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात टाकीत घातला.

"तुनं काळीज दगडनं शे का व?" आई.

"बेसी जाव ने, मंगलबेन, लोको जुए छे," हंसाबेन कानाशी.

"बघू द्या. इतके दिवस हेच बघायला येताहेत ना?"

भाताचे गोळे हाताने काढले. शेवेचं पीठ झालं होतं. जाळी उचलली तर अर्धी माझ्या हातात गळून पडली. मोरीत नेऊन खरवडली. बाहेरचं रडणं थांबलं होतं आणि कार्डाचा आवाज घरभर ऐकू येत होता, खर्र, खर्र. कोणीतरी म्हणालं, वेड लागलं. काम झाल्यावर हात धुतले आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मला भूक लागली. स्वयंपाकघरात उभ्याने दोन भाकरी खाल्ल्या. तेही लोकांनी बघितलं.

निळा गेला. केशरी जोडीतला एक गेला. दुसरा तळाशी पडून कल्ले हलवत होता. पिवळा जगला, तुमच्यासारखाच निबर, खाऊन खाऊन.

दहाव्याच्या आदल्या दिवशी आईंनी ठरवलं की पिवळ्याला तापीत सोडायचं. जीव त्यात अडकलाय, तो सोडला की लेक सुटेल. तुमचा धाकटा भाऊ प्रकाश मान डोलवत होता.

"तो खाऱ्या पाण्यातला आहे," मी म्हटलं. "तापीचं पाणी गोडं. मरेल."

"तापी समुद्रलेच जास ना? मंग तो बी जाई."

आपल्या गावावरून वाहणारी नदी, तिच्यात आईंनी आयुष्यभर हात जोडले, ती इथे येऊन समुद्राला मिळते. तिच्यात सोडलेलं समुद्राला पोचत नाही हे मी त्यांना जाळी आणि क्षार शिकवून समजावणार होते? मी "बरं" म्हटलं. आईंना वाटलं मी नरमले.

सकाळी स्टीलचा डबा घेतला, त्यात टाकीचं पाणी घेतलं, आणि त्यात तो तळाशी पडलेला केशरी ठेवला. झाकण लावलं, फडक्यात बांधलं, प्रकाशभाऊंच्या हातात दिलं. केशरी वाचला नसता असं मला वाटत होतं. कदाचित वाचलाही असता. एक द्यायचा होता, मी हा दिला. पिवळ्याला मी मागच्या दगडाआड हाकललं आणि दिवा बंद ठेवला. आईंना एका डोळ्यानेच दिसतं, तेही जेमतेम.

घाटावर पुरुष गेले. दुपारी प्रकाशभाऊ आले ते थेट स्वयंपाकघरात.

"वहिनी, तो पिवळा नव्हता."

"नव्हता."

"पाण्यात सोडला आणि लगेच... वहिनी, तो तिथेच उलटा झाला. मामा म्हणे पाण्यात गेला, गेला. मी बघितलं ना."

"मला माहीत होतं."

"आईला काय सांगू?"

"सुळकन गेला म्हणा."

ते माझ्याकडे बघत राहिले. तुमच्यासारखंच बघतात, हे मला तेव्हाच कळलं, आणि मी तोंड फिरवून कढई घासायला घेतली. बाहेर त्यांचा आवाज आला, "गेला, आई. सुळकन गेला." आई त्या दिवशी पोटभर जेवल्या.

तेराव्यानंतर आई गावाला निघाल्या. पिशव्या दाराशी. प्रकाशभाऊ रिक्षा बघायला खाली गेले होते. पाणी एव्हाना निवळलं होतं, जाळीवर परत लव धरत होती, आणि मी दिवा लावला होता, कारण जाळीला उजेड हवा तसा पिवळ्यालाही हवा, किती दिवस लपवणार? आई नमस्कार करायला टाकीपाशी गेल्या. रिकामी टाकी समजून गेल्या. आणि पिवळा आला. काचेला नाक लावून उभा राहिला.

आई एक डोळा बारीक करून काचेजवळ वाकल्या. मला वाटलं, म्हणतील लेक परत आला. हंबरडा फोडतील. ते मला चाललं असतं, त्याची तयारी होती. त्या वळल्या आणि अगदी हळू, भांडल्यासारखं नाही, म्हणाल्या, "जित्ता व्हता तवय बी तू त्याले सोडं नही. मरी गया तरी सोडस नही."

मला सगळं आठवलं. लग्नानंतर तुम्हाला गावाहून सुरतेला कोणी आणलं. आईंकडे घालवायच्या सुट्ट्या कोणी कमी केल्या. डॉक्टर, गोळ्या, मीठ, वेफर्सचं पाकीट कोणी हिसकावलं. पोरं झाली नाहीत तेव्हा दुसरं लग्न करा म्हणून निरोप आला, तो कोणी दारातूनच परत पाठवला. आईंनी हिशेब बरोबर केला होता. फक्त त्यांना ती शिवी वाटत होती.

रिक्षा आली. मी पिशव्या खाली नेऊन दिल्या, पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता असंही मला वाटलं नाही.

वर आले. टाकीतलं पाणी उन्हाने उडून खाली गेलं होतं, भरायला हवं होतं. बादली तुम्हीच भरून ठेवलेली, जाण्याच्या आधीची, कोपऱ्यात तशीच होती. मी उचलली. जड होती. तोंड वाकडं झालं, कंबर धरली, आणि ओतली.

आईंना मी उत्तर दिलं नाही. त्यांचा लेक होता, त्यांना विचारायचा हक्क होता. तुम्हाला देते. तुम्ही सुटला असाल कुठे, तर ते तुमचं तुम्ही. माझ्याकडून नाही. मी सोडलेलं नाही.